मालक हलत नाही, कोच टिकत नाही

(फुटबॉलबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात कोल्हापुरातले एक निवृत्त क्रीडाशिक्षक आणि पेठेच्या संघाचे जुने डिफेंडर उत्तरं देतात.)

प्रश्न : सर, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. शाळेत असल्यापासून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचा चाहता. सेकंड शिफ्ट सुटली की घरी येऊन रात्री दीडची मॅच बघतो, सकाळी बायकोची बोलणी खातो. जुने कोच फर्ग्युसन गेल्यापासून कोच नुसते येतात आणि जातात. आता (जानेवारी २०२६) जुना खेळाडू कॅरिक याला हंगाम संपेपर्यंत कोच म्हणून बसवलंय. त्याला कायम करणार की नवा आणणार, कुणाला काही माहीत नाही. मालक ग्लेझर कुटुंब मात्र जागचं हलत नाही. आमच्या ग्रुपवर रोज भांडणं. निम्मे म्हणतात कोच बदला, निम्मे म्हणतात मालक बदला. मी पार वैतागलोय. दोष नेमका कुणाचा? आणि मॅच बघायचंच सोडून द्यावं काय?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : दोष मालकीचा आहे. कोच चुकत नाहीत असं नाही, पण त्या क्लबात सगळ्यात सहज बदलता येतो तो कोच. म्हणून दर वेळी तोच बदलला जातो.

तू फाउंड्रीत आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. एखाद्यानं चालती फाउंड्री विकत घ्यायची, त्यासाठी कर्ज काढायचं आणि त्याचे हप्ते फाउंड्रीच्याच गल्ल्यातून भरायचे. २००५ साली माल्कम ग्लेझर यांनी साधारण ७९ कोटी पौंडांना युनायटेड घेतला तो असाच. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि त्या कर्जाचा भार क्लबवर टाकला गेला. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. तिकिटं, जर्सी, टीव्हीचे हक्क यांतून येणारा पैसा तेव्हापासून वर्षानुवर्षं व्याजाकडे वळला. तू घेतलेल्या जर्सीचे चार पैसे त्यात गेलेच असणार.

मग शेअर घेऊन मालक हलवता येईल का? २०१२ मध्ये क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. पण बाजारात मिळतो त्या शेअरला एक मत आणि कुटुंबाकडच्या खास शेअरला दहा मतं. तुझ्या अख्ख्या ग्रुपनं पगार घातला तरी काटा हलणार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ आले, पाव हिश्श्याहून थोडं जास्त घेतलं, फुटबॉलचे निर्णय त्यांच्या हाती गेले. मतांचं बहुमत मात्र ग्लेझर कुटुंबाकडेच राहिलं. म्हणजे एका घरात दोन कारभारी झाले.

आता कोचांचं बघ. मॉइसला २०१३ मध्ये सहा वर्षांचा करार दिला आणि दहाव्या महिन्यात नारळ दिला. व्हॅन हालनं २०१६ मध्ये एफए कप जिंकला, दोन दिवसांत त्यालाही नारळ. मोरिन्योनं २०१७ मध्ये लीग कप आणि युरोपा लीग आणली, २०१८ च्या डिसेंबरात तो गेला. टेन हागची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त खटकते. मे २०२४ मध्ये त्यानं मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप घेतला. तरी वरच्या मंडळींनी उन्हाळ्यात दुसऱ्या कोचांची चाचपणी केली, मग याचाच करार वाढवला आणि ऑक्टोबरात काढून टाकलं. विश्वास नव्हता तर उन्हाळ्यातच सांगायचं होतं. होता तर चार महिने तरी जास्त द्यायचे होते. त्याच वर्षी अ‍ॅशवर्थ नावाचे क्रीडा संचालक जुलैत आणले आणि डिसेंबरात घालवले. टेन हाग, त्याचे सहकारी आणि अ‍ॅशवर्थ यांना घालवायचा खर्च क्लबच्या हिशेबात १ कोटी ४५ लाख पौंड दाखवलाय. आपल्या रुपयांत दीडशे कोटींच्या घरात.

आणि तेव्हाच क्लबनं अडीचशेच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या काढल्या, पुढच्या फेब्रुवारीत आणखी कपात जाहीर केली. हंगाम अर्ध्यावर असताना उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. लहान पोरांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. इथे मला खरा राग येतो. वर बसलेल्यांनी निर्णय चुकवायचे आणि भरपाई कँटीनमध्ये काम करणाऱ्या बाईनं करायची, नातवाला घेऊन येणाऱ्या आजोबांनी करायची.

कोच बदलला की मैदानावर काय होतं, हे टीव्हीवरची चर्चा कधी नीट सांगत नाही. अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, मागं तीन डिफेंडर ठेवणारा. संघ जमवलेला होता चार डिफेंडरांच्या खेळासाठी. चारांत साइडबॅकला शेजारी विंगर असतो. तो पुढं गेला तरी ती बाजू दोघं मिळून सांभाळतात. तिनांच्या खेळात ती अख्खी बाजू एकटा विंगबॅक धावतो, वर हल्ला आणि खाली बचाव. असा खेळाडू तयार व्हायला वेळ लागतो, बाजारात तर सहज मिळतच नाही. मग विंगरला खाली ओढलं, साइडबॅकला वर ढकललं. मी डिफेंडर होतो. शेजारचा माणूस कुठं उभा राहणार हे न बघता कळायला लागलं की बचाव बसतो, आणि ते कळायला एकाच पद्धतीनं बरेच सामने खेळावे लागतात. २०२४-२५ ला युनायटेड पंधराव्या नंबरवर राहिला, युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून हरला. २०२६ च्या जानेवारीत अमोरिमही गेला. त्याच्या पद्धतीसाठी आणलेली पोरं आता दुसऱ्या पद्धतीत बसवायची. फर्ग्युसनांनंतर हेच चाललंय. प्रत्येक जण आपली माणसं विकत घेतो आणि पुढच्याला ती नको असतात.

कॅरिकबद्दल विचारलंस. मला तो खेळाडू म्हणून फार आवडायचा. पायापेक्षा डोक्यानं खेळायचा, पास द्यायच्या आधी दोनदा मान वळवून बघायचा. पण हंगामापुरत्या माणसाचं कोडं युनायटेडनं आधी एकदा अनुभवलंय. २०१८ च्या डिसेंबरात सोल्शारला असंच बसवलं होतं. पीएसजी या पॅरिसच्या संघाकडून घरी ०-२ हरल्यावर पॅरिसमध्ये शेवटच्या क्षणी रॅशफर्डच्या पेनल्टीवर ३-१ जिंकले, सगळे भारावले आणि मार्चमध्ये तीन वर्षांचा करार झाला. २०२१ च्या नोव्हेंबरात वॉटफर्डमध्ये ४-१ मार खाल्ल्यावर तोही गेला. सोल्शार वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला भारावलेल्या आठवड्यांवर निवडलं आणि पडत्या आठवड्यांवर काढलं. कॅरिक राहील की जाईल यापेक्षा मला हे जाणून घ्यायचंय, की त्याला निवडणारा माणूस पुढच्या वर्षी त्याच खुर्चीवर असेल का, आणि त्याला पुढची तीन वर्षं कसा खेळ हवाय. ते त्यानं जाहीर सांगितलं तर तुझ्या ग्रुपवरची निम्मी भांडणं मिटतील.

बघायचं सोडू नकोस. मँचेस्टरमधल्या लोकांनीही सगळं सोडलं नाही. काहींनी २००५ मध्येच बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. तिथे सभासदाला एक मत, पैसे कितीही घातले तरी एकच. राहिले त्यांनी २०१० मध्ये लाल सोडून हिरवे-सोनेरी स्कार्फ घातले. क्लब न्यूटन हीथ नावानं सुरू झाला तेव्हाचे ते रंग. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठ्या क्लबांनी वेगळी चूल मांडून सुपर लीगची घोषणा केली तेव्हा इंग्लंडमधल्या अनेक क्लबांचे चाहते रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत इंग्लिश क्लब मागं फिरले. २ मे ला तर लोक युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात घुसले, लिव्हरपूलबरोबरचा सामना पुढं ढकलावा लागला. आता २०२५ मध्ये तिकडं कायदा झालाय. मालक योग्य आहे का हे तपासणारा स्वतंत्र नियामक आलाय, वेगळी चूल मांडणाऱ्या स्पर्धांना बंदी आहे, आणि क्लबचं बोधचिन्ह, रंग बदलायचे तर चाहत्यांना विचारावं लागतं. यानं ग्लेझर उद्या जाणार नाहीत. पण यातलं काहीही मालकांनी आपणहून दिलेलं नाही.

तुला एवढंच सांगतो, की कोण येणार-कोण जाणार या बातम्या वाचणं कमी कर. मॅच बघ. शिफ्ट करून आल्यावर प्रत्येक दीडची मॅच जागून बघायची गरज नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलीस तरी चालतं. बायको बरोबर बोलते. आणि नव्या जर्सीचे पैसे वाटत नसतील द्यावेसे, तर देऊ नकोस. जुन्या जर्सीतला चाहता कमी प्रतीचा नसतो.

प्रश्न : आमचा पोल्ट्रीचा व्यवसाय आहे. पुण्याच्या वेंकीज या पोल्ट्री कंपनीनं इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला तेव्हा आपल्या महाराष्ट्रातली माणसं तिथं मालक झाली म्हणून आम्हाला फार अभिमान वाटला होता. पण तिथले चाहते वर्षानुवर्षं त्यांच्या विरोधात घोषणा देतात असं मुलगा सांगतो. पैसे घालणाऱ्यावर एवढा राग कशासाठी?
— एक वाचक, हातकणंगले

उत्तर : तुमचा अभिमान मला समजतो, मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. पण तिथल्या माणसाच्या जागी बसून बघा. ब्लॅकबर्न हा १८७५ चा क्लब. १८८८ मध्ये इंग्लंडची पहिली लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांतला. जॅक वॉकर नावाच्या मूळ गावच्याच पोलादाच्या व्यापाऱ्यानं पैसा घातला आणि १९९५ मध्ये हा लहान गावचा संघ प्रीमियर लीगचा विजेता झाला. वॉकर गावचे होते, स्टेडियममध्ये दिसायचे.

नोव्हेंबर २०१० मध्ये मालकी पुण्याला आली. पुढच्याच महिन्यात अनुभवी अ‍ॅलार्डाइसना काढलं आणि त्यांच्या हाताखालच्या स्टीव्ह कीनकडे संघ दिला. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खालच्या लीगमध्ये घसरला. त्यानंतरच्या एकाच हंगामात कीन गेला, हेनिंग बर्ग ५७ दिवस राहिला, मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस. एवढ्या दिवसांत कोचला खेळाडूंची नावंसुद्धा नीट पाठ होत नाहीत. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या पायरीवर गेला, टोनी मोब्रेनं पुढच्या वर्षी परत वर आणला, आणि त्यानंच पुढं काही वर्षं स्थैर्य दिलं.

मालकांनी तोटा भरून काढला, क्लब बुडू दिला नाही, हे खरं आहे आणि ते छोटं काम नाही. लोकांची तक्रार वेगळी आहे. निर्णय हजारो मैलांवर होतात, का झाले ते कुणी सांगत नाही, विचारायला समोर माणूस नाही. २०१२ च्या मे महिन्यात संघ खाली जाताना तिथल्या चाहत्यांनी मैदानात कोंबडी सोडली होती. ज्या धंद्यावर तुमचं घर चालतं त्याची अशी चेष्टा बघून तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं. पण त्या दिवशी ब्लॅकबर्नच्या माणसाला त्याहून वाईट वाटत होतं.

आपल्याकडंही हे झालंय. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आला, इथली पोरं गाडी करून बालेवाडीला जायची, २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि जागा हैदराबादला गेली. त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड संघ मालक कंपनीनं बंद केला. चाहत्यांना कुणी विचारलं नाही. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबातली निम्म्याहून एक तरी जास्त मतं सभासदांकडं राहिली पाहिजेत. त्याला थोडे अपवाद आहेत, पण पैसेवाला एका रात्रीत क्लब उचलून नेऊ शकत नाही. मला तो नियम फार आवडतो. कारण पुढच्या पत्रात दिसेल.

प्रश्न : सर, आमच्या तालमीच्या संघात गेल्या काही हंगामांपासून एक बांधकाम व्यावसायिक पैसे घालतात. बाहेरचे आणि परदेशी खेळाडू त्यांच्याच पैशानं येतात. आता ते म्हणतात, कोच माझ्या पसंतीचा असणार. आमचे जुने कोच, ज्यांनी आम्हाला शाळेपासून शिकवलं, त्यांना 'राहा' किंवा 'जा' असं कुणी सांगतही नाही. ते रोज संध्याकाळी मैदानावर येतात आणि कोपऱ्यात उभे राहतात. जुनी मंडळी गप्प. पोरं भडकलीत, काही जण स्टेडियममध्ये बॅनर लावायचं म्हणतात. आम्ही काय करावं?
— तालमीचा एक खेळाडू, मंगळवार पेठ

उत्तर : तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. उचगावच्या मित्राकडं मत नाही. तुझ्याकडं आहे.

आपल्या तालमींना मालक नसतो. पाटाकडील असो, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असो, या संस्था पेठेच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या. आधी लाल मातीचा हौद, मग फुटबॉल. मला मैदानावर उभं करणारे कोच पगार घेत नव्हते. नोकरी संपवून सायकलवरून यायचे आणि अंधार पडून बॉल दिसेनासा होईपर्यंत थांबायचे. तुझे कोच त्याच जातकुळीतले दिसतात.

पण पैशाची गरज खोटी नाही. बूट, किट, खुराक, बाहेरच्या खेळाडूंचं मानधन, त्यांची राहायची सोय हे सगळं आता वर्गणीत बसत नाही. म्हणून देणाऱ्याचा अपमान करू नका. तो माणूस फुटबॉलला पैसे देतोय, हे चांगलंच आहे. देणगी दिली म्हणून मालकी मिळत नाही, एवढं मात्र त्याला आणि तुमच्या कार्यकारिणीला कळलं पाहिजे, आणि ते बॅनरवर लिहून कळत नाही. कागदावर लिहावं लागतं.

पहिलं काम, तुमची तालीम नोंदलेली आहे का ते बघ. नोंदलेली असेल तर बहुतेक महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडं असेल. तिथं अर्ज करून नोंदणीचा उतारा मिळतो, त्याला परिशिष्ट एक म्हणतात. त्यात विश्वस्त कोण, मिळकत कोणती, सगळं असतं. बऱ्याच ठिकाणी वारलेल्या माणसांची नावंच अजून विश्वस्त म्हणून असतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिलाच जात नाही. असं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. नाहीतर उद्या कुणीही उठून म्हणेल की कारभारी मीच.

दुसरं, सभासद यादी. तू आणि तुझ्या वयाची पोरं वर्गणी भरलेले सभासद आहात का? की फक्त जर्सी घालता? नसाल तर या आठवड्यात अर्ज द्या, पावती घ्या. मग संस्थेच्या घटनेत सर्वसाधारण सभेबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि सभा मागा, लेखी, सह्यांसकट. विषय दोनच ठेवा : वर्षाचा तपासलेला हिशेब, आणि प्रशिक्षकाची नेमणूक कोण करणार. आवाज चढवायची गरज नाही. सहीचा कागद टेबलावर आला की गप्प बसलेली जुनी मंडळी बोलायला लागतात. ती भित्री नसतात. एकटं पडायची त्यांना सवय नसते, म्हणून गप्प असतात.

तिसरं, त्या गृहस्थांबरोबर एक पानाचा करार करा. ते किती देणार, किती हंगाम देणार. बदल्यात जर्सीवर नाव, मैदानावर फलक, बक्षीस समारंभात मान. आणि स्पष्ट लिहा की संघनिवड प्रशिक्षकाची, प्रशिक्षकाची नेमणूक कार्यकारिणीची. चांगला माणूस असेल तर सही करेल. नाही केली तर तो काय समजून पैसे देत होता ते तुम्हाला कळेल, आणि ते हंगामाआधी कळलेलं बरं. अचानक हात काढून घेतला तर काय, हेही आत्ताच ठरवा. बाहेरचे खेळाडू थोडे कमी आणायचे, पेठेतल्या पोरांना उतरवायचं. संघ एखाद्या वर्षी खाली राहील. राहू दे. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. अशी पोरं बाकावर बसून घडत नाहीत.

चौथं, कोचांचं. हे खरं तर पहिलं लिहायला पाहिजे होतं, कारण ते आजच करता येईल. संध्याकाळी तुम्ही सगळे खेळाडू त्यांच्याकडं जा आणि विचारा, सर, तुम्हाला पुढचा हंगाम हवाय का? कदाचित त्यांनाच थांबायचं असेल. मग मानानं निरोप द्या, शाल-श्रीफळ द्या, सगळ्या पेठेसमोर द्या. हवा असेल तर कार्यकारिणीकडून एका हंगामाचं लेखी पत्र घ्या, आणि हा निर्णय पावसाळ्यात झाला पाहिजे, खेळाडूंची नोंदणी सुरू व्हायच्या आधी. नवा कोच आला तरी जुन्यांना चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचा गट द्या. ते काम संघापेक्षा मोठं आहे. कोपऱ्यात उभं ठेवणं मात्र बंद करा. ज्यानं तुम्हाला किक मारायला शिकवलं त्याला असं ताटकळत ठेवणं मला सहन होत नाही, वाचतानासुद्धा झालं नाही.

बॅनर लावू नका. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत एका पेठेनं स्वतःच्याच संघाविरुद्ध बॅनर धरला की समोरची पेठ चिडवणार, मग दगड येणार. हुल्लडबाजीमुळं सामने थांबवावे लागलेले आपण सगळ्यांनी बघितलंय. शिक्षा होते ती खेळणाऱ्या पोरांना. तुमचं भांडण तालमीच्या सभेतच राहू द्या.

सभेची तारीख ठरली की मला कळव. मी तुमचा सभासद नाही, बोलणार नाही. पण हिशेबाचे कागद कसे वाचायचे हे आदल्या दिवशी बसून तुम्हा पोरांना दाखवीन. परिशिष्ट एक आणि मागच्या तीन वर्षांचे हिशेब घेऊन ये. मूळ कागद आणू नकोस, झेरॉक्स आण.